विल्यम केरी : आलेले दुःख आणि आपले उत्तर



खेडोपाडी मंडळ्यांच्या भेटीस गेले असता एकच गाऱ्हाणे निरनिराळ्या शब्दांत आमच्या कानी पडते. कोणाचे पीक बुडाले, कोणाचा बैल मेला, कोणाचे मूल दगावले. आणि दुःख सांगता सांगता बोलणाऱ्याचे बोट कोणाकडे तरी वळते. हे भावाने केले, हे शेजाऱ्याने केले, हे नशिबाने केले. या बोलण्यात पुष्कळदा तथ्य असते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि दोन हिशेब वेगळे आहेत. दुःख कोणाच्या हातून आले, हा एक. ते आल्यावर आपण काय केले, हा दुसरा. पहिला हिशेब कित्येकदा कोणासही पुरता लागत नाही. दुसरा मात्र आपल्याच नावे मांडलेला असतो आणि तो दुसऱ्या कोणास देता येत नाही. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते, त्या विल्यम केरी यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

इंग्लंड देशात नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाचे खेडे आहे. तेथे १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यमचा जन्म झाला. बाप एडमंड हातमागावर कापड विणून पोट भरी. पुढे विल्यम सहा वर्षांचा असता बापास गावच्या शाळेत शिक्षकाची जागा मिळाली. मुलाने शेतावर काम करावे असे ठरले, पण त्याच्या अंगी त्वचेचा असा विकार होता की उन्हात गेले म्हणजे तोंडाची व हातांची आग होई. तेव्हा शेतकाम सुटले आणि सुमारे चौदाव्या वर्षी जवळच्या पिडिंग्टन गावी एका जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली तो उमेदवार म्हणून राहिला. जोड्याचा तळ ठोकता ठोकता शेजारी पुस्तक उघडे ठेवावे, अशी त्याची रीत असे.

याच दिवसांतील एक गोष्ट केरी यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविली आहे. नाताळात उमेदवार मुलांनी दुकानदारांकडून बक्षिसी मागावी, असा तेथे रिवाज होता. लोखंडी सामानाच्या एका दुकानदाराने विल्यमला एक शिलिंग दिला. मुलगा आनंदाने निघाला. पण नाणे खर्चू लागला तो ते खोटे ठरले. त्याच्याजवळ मालकाचेही पैसे होते. त्यातील खरा शिलिंग त्याने आपल्या जिनसेसाठी दिला आणि खोटा मालकाच्या हिशेबात घातला. मालकाचेच नाणे खोटे होते, असे सांगावयाचे त्याने मनाशी ठरविले. इतकेच नव्हे, तर ही लबाडी एवढी एक वेळ पचू दे, पुन्हा असे करणार नाही, अशी प्रार्थनाही त्याने वाटेत केली. ती लबाडी पचली नाही. मालकाने चौकशी केली, सत्य उघडकीस आले, आणि लाजेने त्या मुलास कितीएक दिवस गावात तोंड दाखविणे नकोसे झाले.

वाचकहो, या लहानशा गोष्टीकडे नीट पाहा. खोटे नाणे त्याच्या हाती आले, यात त्याचा अपराध नव्हता. फसविला तो गेला होता. परंतु आपली हानी मालकाच्या माथी मारावयाची, हे त्याचे स्वतःचे करणे होते; आणि शरम आली ती खोट्या नाण्याची नव्हे, तर या करण्याची आली. पुढील साठ वर्षांत केरी यांच्या हाती खोटी नाणी पुष्कळ आली. ती त्यांनी कशी चालविली, हेच त्यांचे चरित्र होय.

इ. स. १७८१ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांचे लग्न डोरोथी प्लॅकेट या बाईंशी झाले. पहिली मुलगी सुमारे दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच तापाने केरी स्वतःही अंथरुणास खिळले व त्यांच्या डोक्याचे केस गेले. पुढे मोल्टन गावी ते शाळा चालवीत, जोडे शिवीत आणि लहानशा मंडळीस उपदेश करीत. तरीही घरात अनेकदा तंगी असे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू इत्यादी भाषा त्यांनी बहुतेक स्वतःच्या बळावर अभ्यासिल्या. इ. स. १७९२ मध्ये परदेशी लोकांस सुवार्ता सांगणे हे ख्रिस्ती मंडळीचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी मिशनची संस्था स्थापन झाली, आणि पुढल्या वर्षी केरी स्वतः हिंदुस्थानास निघाले.

येथे आम्हास एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. चरित्र लिहिणारे ती कित्येकदा घाईने ओलांडून जातात. आम्ही तसे करणार नाही. डोरोथीबाईंस जावयाचे नव्हते. लग्नाच्या वेळी त्यांस लिहिता येत नव्हते, गावाबाहेरचे जग त्यांनी फारसे पाहिले नव्हते, आणि त्या गरोदर होत्या. आरंभी केरी थोरल्या मुलास घेऊन त्यांच्यावाचून निघालेही होते. पण जहाजाची अडचण पडून प्रयाण लांबले. मधल्या काळात बाई बाळंत झाल्या, आणि पुन्हा पुष्कळ गळ घातल्यावर, बहीण सोबत येईल तर येते, असे म्हणून तान्हे मूल घेऊन त्या निघाल्या. १३ जून १७९३ रोजी ते सर्व एका डॅनिश जहाजात बसले आणि नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचले.

तेथे काय वाढून ठेविले होते? सोबतचे वैद्य जॉन थॉमस यांच्या हाती पैशाचा कारभार होता. पैसा भराभर सरला आणि परक्या शहरात केरी निर्धन झाले. बायको व मुले आमांशाने आजारी. मग सुंदरबनातील रानात झोपडी बांधून शेती करण्याचा बेत केला. इतक्यात मालदा भागात मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीचे काम मिळाले. तेथे इ. स. १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. केरी स्वतः तापाने अशक्त झालेले. आणि प्रेतासाठी पेटी करावयास किंवा खाच खणावयास कोणी येईना. ते प्रेत शिवले तर जात जाईल, असे भय लोकांस वाटे. अखेर मोठ्या मिनतवारीने चार मुसलमान खाच खणण्यास राजी झाले. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरच्या मयतास गावाने खांदा दिला नाही, त्यांस या प्रसंगाचे वर्णन अधिक करावयास नको.

या आघाताने डोरोथीबाईंचे मन ढळले, ते पुन्हा ठिकाणावर आले नाही. त्यांस भलभलते संशय येत, त्या पतीवर ओरडत, कधी अंगावर धावून जात. त्यांस एका खोलीत ठेवावे लागे. असे सुमारे १३ वर्षे चालले. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचा अंत झाला.

या दुःखात केरी यांचा दोष काहीच नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या बाईस जावयाचे नव्हते, तिला गळ घालून आणिले; मुलांकडेही कामाच्या गर्दीत पुरेसे लक्ष पुरविले नाही, आणि त्यांची शिस्त पुढे बहुतांशी मार्शमनबाईंनी सांभाळिली. सत्पुरुषाच्या चरित्रातील उणे झाकून त्याचा मान वाढत नाही. परंतु हेही सांगणे न्यायाचे आहे की केरी यांनी आजारी पत्नीस टाकिले नाही. शेवटपर्यंत त्या त्यांच्या घरीच राहिल्या; आणि ज्या घरातून आरडाओरड ऐकू येई, त्याच घरात बसून ते भाषांतराचे काम करीत. जे मोडले ते त्यांस जोडता आले नाही. पण मोडलेल्याचा भार त्यांनी दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकिला नाही. थॉमस यांच्या उधळपट्टीविषयीही त्यांनी रोजनिशीत खेद लिहिला, पण त्यांची सोबत सोडिली नाही.

इ. स. १८०० च्या जानेवारीत केरी सेरामपूर येथे आले. बंगाल्यात त्यास श्रीरामपूर म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील आपले श्रीरामपूर ते हे नव्हे. कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी असलेले हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात होते, म्हणून कंपनी सरकारचा मिशनला असलेला विरोध तेथे चालत नसे. जोशुआ मार्शमन आणि छपाईचे काम जाणणारे विल्यम वॉर्ड हे दोन सोबती त्यांस येथे मिळाले. तिघांनी आपापली मिळकत एकत्र ठेवून, एका घरासारखे राहून काम चालविले. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला. केरी हिंदुस्थानात आल्यास तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. सात वर्षांत एक! एका वर्षात फळ दिसले नाही म्हणून खचणाऱ्या उपदेशक बंधूंनी हा आकडा ध्यानी ठेवावा.

इ. स. १८०१ पासून केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागले. पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आल्या. पगाराचा बहुतेक भाग ते मिशनच्या खजिन्यात घालीत. आपल्या महाराष्ट्राचे त्यांच्याशी नाते जडले ते येथेच. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी मराठीचे व्याकरण इ. स. १८०५ मध्ये आणि मराठी शब्दकोश इ. स. १८१० मध्ये छापिला. कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापिलेले होते. इ. स. १८११ मध्ये मराठी नवा करारही तेथूनच निघाला. ज्या काळी मराठीत छापील पुस्तक बहुतेक कोणी पाहिलेही नव्हते, त्या काळची ही गोष्ट होय.

आता त्या रात्रीची हकीकत ऐका.

११ मार्च १८१२ हा बुधवार होता. केरी कॉलेजच्या कामासाठी कलकत्त्यास होते. सायंकाळी सहाच्या सुमारास सेरामपूरच्या छापखान्यात कागदाच्या कोठीला आग लागली. छापखाना सुमारे २०० फूट लांब होता. वॉर्ड व मार्शमन यांनी दारे-खिडक्या बंद करून वारा कोंडला आणि छपरास भोके पाडून वरून पाण्याचा मारा चालविला. असे काही तास चालले व आग दबत आली. इतक्यात वॉर्ड अधिक मदतीसाठी जरा दूर झाले असता कोणी एकाने खिडकी उघडली. वारा आत शिरला आणि क्षणात ज्वाळा सर्व इमारतभर पसरल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. मनुष्यहानी झाली नाही. पण १४ पौर्वात्य भाषांचे खिळे वितळले, कागदाचा मोठा साठा जळाला, आणि वर्षानुवर्षे खपून लिहिलेली हस्तलिखिते राख झाली. तेलुगू व पंजाबी व्याकरणांचे लेख, रामायणाच्या भाषांतराचा भाग, आणि पौर्वात्य भाषांचे शब्द संस्कृताशेजारी मांडलेला केरी यांचा मोठा बहुभाषी कोश, हे सर्व त्यात गेले. नुकसान सुमारे ७० हजार रुपयांचे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन यांनी कलकत्त्यास जाऊन हे वर्तमान केरी यांस सांगितले. ते ऐकून त्या धीराच्या पुरुषास काही वेळ बोलता येईना. संध्याकाळी ते सेरामपुरास परतले आणि निखारे अजून धगधगत होते त्या जागी फिरले.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आग कशाने लागली, याचा निश्चित उलगडा कधीच झाला नाही. खिडकी मात्र कोणा माणसाच्या हाताने उघडली होती. त्या माणसास शोधून काढावे, त्याच्यावर संताप काढावा, याहून सोपे काय होते? कारागिरांवर संशय, नोकरांची झडती, सोबत्यांस बोल, यांत महिने गेले असते आणि एक खिळाही पुन्हा ओतला गेला नसता. केरी व त्यांच्या सोबत्यांनी राखेत हात घातला तो अपराधी शोधण्यासाठी नव्हे; काय उरले आहे ते पाहण्यासाठी. मुद्रणयंत्रे बाजूच्या खोलीत असल्याने वाचली होती. ज्यांवरून खिळे ओततात ते पोलादी ठसे व साचे ढिगाऱ्यात शाबूत सापडले. वितळलेल्या शिशाचे गोळे होते. त्यांचेच नवे खिळे होऊ शकत होते. भाड्याने दिलेली जवळची एक वखार थोड्याच दिवसांपूर्वी रिकामी झाली होती. तीत काम मांडले. मनोहर कर्मकार आदी कुशल बंगाली कारागीर पाळ्या लावून रात्रंदिवस खिळे ओतू लागले. अशा रीतीने एकेका भाषेचे खिळे तयार होत गेले आणि थोड्याच महिन्यांत छपाई पुन्हा चालू झाली.

केरी यांनी स्वतःचे काम त्याच रीतीने हाती घेतले. एकदा चाललेली वाट दुसऱ्या वेळी चालताना पाऊल अधिक खात्रीने पडते, अशा आशयाचे त्यांनी मित्रांस कळविले. पुढील रविवारी त्यांनी उपदेश केला, त्याचा विषय असा होता की आपल्यास हवे तसे ठेवण्याचा अधिकार देवाचा आहे, आणि तो मान्य करणे हे आपले कर्तव्य आहे. पण हे मान्य करणे म्हणजे हात जोडून बसणे, असा अर्थ त्यांनी घेतला नाही. पंजाबी व्याकरण त्याच १८१२ साली छापून निघाले, आणि तेलुगू व्याकरण १८१४ साली. तो मोठा बहुभाषी कोश मात्र पुन्हा कधीच पुरा झाला नाही. सर्वच हानी भरून येते, असे आम्ही सांगितले तर ते खोटे होईल. काही गेलेले गेलेच. तरी गेलेल्यापायी उरलेले घालवावयाचे की नाही, हे केरी यांच्या हाती होते.

आगीची वार्ता इंग्लंडात पोहोचली तेव्हा लोकांची मने द्रवली आणि सुमारे दोन महिन्यांत १० हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमली. आजवर ज्यांस कोणी ओळखीत नव्हते त्या केरींचे नाव घरोघरी झाले. त्यांचे मित्र अँड्र्यू फुलर यांनी तेव्हा पत्र लिहून सावध केले की आगीपेक्षा ही स्तुती अधिक जपून घेण्याची वस्तू आहे. संकटाला उत्तर देणे जसे आपल्याकडे, तसे मानाला उत्तर देणेही आपल्याकडेच असते. सांगतात की पुढे एकदा गव्हर्नर जनरलांच्या मेजवानीत कोणा सरदाराने, केरी पूर्वी जोडे करीत असत ना, असे मुद्दाम सर्वांस ऐकू जाईल अशा स्वरात विचारले. केरी यांनी शांतपणे उत्तर दिले की जोडे करणारा नव्हे, फाटके जोडे सांधणारा. धंद्यावरून हिणविणाऱ्यास याहून चांगले उत्तर आमच्या ऐकण्यात नाही.

अनर्थ तेवढ्यावर थांबले नाहीत. इ. स. १८२३ च्या ऑक्टोबरात होडीतून उतरताना पाय घसरून त्यांच्या मांडीच्या सांध्यास जबर इजा झाली. ते अंथरुणास खिळले असतानाच दामोदर नदीचा महापूर आला. त्यांनी २० वर्षांहून अधिक काळ जपलेली, देशोदेशीच्या झाडांची बाग वाळूखाली गेली आणि राहते घर नदी कापू लागल्याने सोडावे लागले. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते. कुबड्यांवर चालू लागताच त्यांनी पुन्हा बी मागविले आणि वाफे आखून घेतले. इ. स. १८३० च्या सुमारास कलकत्त्यातील मोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यात मिशनचा पैसा गेला. कॉलेजातील त्यांची जागाही सरकारने काढून टाकिली. तरी बंगाली बायबलाची शुद्ध केलेली आवृत्ती त्यांनी शेवटास नेली. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे त्यांनी देह ठेविला.

येथे कोणी शंका घेईल की मग अन्याय करणाऱ्यास काही म्हणावयाचेच नाही काय? जो गरिबाचे शेत बळकावितो, जो विहिरीवर पाणी भरू देत नाही, त्याच्यापुढे मुकाट्याने मान वाकवावी काय? केरी यांचे चरित्र असे शिकवीत नाही. इ. स. १७९९ मध्ये एका विधवेस पतीच्या चितेवर जळताना त्यांनी पाहिले. तेथल्या तेथे त्यांनी निषेध केला, पण कोणी ऐकिले नाही. मग कलकत्त्याच्या आसपास अशा किती स्त्रिया जळतात याची त्यांनी मोजदाद करविली, सरकारकडे अर्ज केले, आणि राजा राममोहन रॉय इत्यादी थोर पुरुषांच्या खटपटीबरोबर त्यांचीही खटपट चालू राहिली. ४ डिसेंबर १८२९ रोजी सतीबंदीचा कायदा झाला. त्याचे बंगाली भाषांतर करण्याचा हुकूम त्यांस रविवारी सकाळी मिळाला. एका तासाच्या विलंबानेही एखादा जीव जाईल, म्हणून त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्यावर सोपविला आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. दुसऱ्यावर होणारा अन्याय पाहून ३० वर्षे झटणे, हेही दुःखाला दिलेले उत्तरच होय. दाद मागावी, अवश्य मागावी. मात्र दाद मिळेपर्यंत आपले शेत पडीक ठेवू नये.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. हे चरित्र मंडळीत सांगाल तेव्हा, ज्याच्या घरी काल मयत झाली त्याच्या तोंडावर ते फेकू नका. त्याच्याजवळ आधी बसा. मार्शमन वर्तमान घेऊन गेले तेव्हा केरींसही काही वेळ बोलता आले नाही, हे विसरू नका. आणि ज्या बंधूभगिनींवर आज संकट आहे त्यांस आम्ही एवढेच म्हणतो: खिडकी कोणी उघडली, हे कदाचित कधी कळणार नाही. आज संध्याकाळी राखेत हात घालून पाहा. एखादा ठसा शाबूत असेल, थोडे शिसे उरले असेल, जवळची एखादी वखार रिकामी असेल. त्यापासून उद्या सकाळचे काम सुरू होते; आणि ते सुरू करणे दुसऱ्या कोणाच्या हाती नाही.